राजाच्या थडग्यावरचा अर्धा बटाटा

शालू, त्यांनी तुला लिपस्टिक लावली होती.

गुलाबी. फ्युनरल होममधली ती बाई तिला 'नॅचरल' म्हणत होती. गालांवर कसलीशी पावडर, भुवया विंचरलेल्या, केसांना मागून फुगवटा. अंगावर आपल्या सूनबाईने, मेघनाने नेऊन दिलेली जांभळी पैठणी, जिला तू जन्मभर 'पडदा' म्हणत आलीस. एकेक जण पुढे येऊन हात जोडायचा, 'शालूमावशी किती शांत दिसतायत ना' असं म्हणायचा आणि बाजूला व्हायचा. त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. मला मळमळलं.

मी पर्समधला रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीत त्याचं टोक भिजवलं आणि तुझे ओठ पुसायला लागले. मेघना माझ्या कानाशी आली. "आई, प्लीज. लोक बघतायत."

"बघू देत. निदान कुणाला बघायला आलेत ते तरी त्यांना कळेल."

रंग लवकर निघेना. मेणासारखं काहीतरी होतं ते. सगळं पुसून झाल्यावर तो रुमाल मी तिथल्याच डब्यात टाकला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अगं वहिनी, चांगला होता की रुमाल, धुऊन वापरला असता." आणि वापरला असतास. म्हणूनच टाकला.

हे मी तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत ईशा आणि निखिल. एक जर्सी सिटीत, एक सनीव्हेलमध्ये. दोघांनाही येता आलं नाही. त्यांनी तुला फोनवरच पाहिलं, आणि फोन ज्याने धरला होता त्याचा सगळा रोख फुलांवर होता. ईशा मला म्हणाली, "आजी, आत्याआजी लुक्ड सो पीसफुल." तेव्हाच ठरवलं की लिहायचं. ज्या नातवंडांना तू गांडूळ हातात धरायला शिकवलंस, त्यांच्या आठवणीत तू शोकेसमधल्या बाहुलीसारखी राहावीस हे मला सहन होणार नाही.

तुझ्यामाझ्यात जे काही होतं ते किळसेवर उभं होतं. तुला ती नव्हतीच. तुझ्या वाट्याची सगळी माझ्याकडे आली होती. मी लग्न होऊन तुमच्या घरात आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडला, तर सायीच्या पातेल्याशेजारी बेडूक. कॉलेजात प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल घ्यायचीस तू, आणि बेडूक दुपारच्या बॅचसाठी होता. मी किंचाळले तेव्हा तू दात घासत बाहेर आलीस. "डब्यात बंद आहे की तो! साय उघडी आहे, ती झाक आधी." तुझा दादा हसून हसून खाली बसला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी, रुमालाला इस्त्री करणारी. मला वाटलं, या घरात आपण महिनाभरसुद्धा टिकणार नाही.

टिकले. तुझ्या हातांना फॉर्मालिनचा वास यायचा आणि त्याच हातांनी तू भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवायचीस. मी ती गुपचूप बदलून घ्यायचे. तुला कळायचं, आणि तू मुद्दाम दुसरी मोडायचीस.

पुढे इथे अमेरिकेत, बॉथेलला, तुझ्या दादाच्या शेवटच्या आजारात जे करायला लागलं ते या मुलांना मी कधी सांगितलेलं नाही. नर्स दिवसातून एकदा यायची. बाकीचं तू करायचीस. बाह्या सरसावून, क्रिकेटच्या गप्पा मारत, जणू भांडी घासते आहेस. मी दाराशी स्वच्छ चादरी हातात घेऊन उभी असायचे. मला ते जमलं नसतं, असं तू कधी म्हणाली नाहीस. जमलं असतं, असं मीही कधी म्हटलं नाही. आभारही मानले नाहीत; आपल्यात कुठे होती ती पद्धत? आता मानते. बघ, लिहितानाही मला अवघडल्यासारखं होतंय.

आणि मग ढब्बू. दादा गेल्यावर तू कुत्र्यांच्या निवाऱ्यातून तो उचलून आणलास. एक कान फाटलेला, सतत लाळ गाळणारा, कुणीही न नेलेला. तुझ्या अंथरुणात झोपायचा, तुझ्या ताटातलं खायचा. तुझं ताट मी वेगळं घासायचे आणि घासून झाल्यावर उकळत्या पाण्यात बुडवायचे. "वहिनी, त्याचं तोंड तुझ्या नळापेक्षा स्वच्छ आहे," म्हणायचीस. प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईने असं बोलावं? तो गेला तेव्हा डॉक्टरांनी त्याची राख एका छोट्या लाकडी पेटीत भरून दिली. वर त्याच्या पंजाचा ठसा. ती पेटी तू तुझ्या फळीवर ठेवलीस, चष्मा आणि कानयंत्राच्या बॅटऱ्यांच्या मधे. मी म्हणायचे, गॅरेजमध्ये ठेव. तू म्हणायचीस, गॅरेजमध्ये थंडी असते.

आता पोट्सडॅमचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

ईशाची तेव्हा कंपनीतर्फे बर्लिनला बदली झाली होती. तिने आपल्याला हौसेने बोलावून घेतलं. एका सकाळी तिला मीटिंग होती म्हणून तिने आपल्याला लोकल गाडीत बसवून दिलं. "आजी, तुम्ही दोघी मॅनेज कराल ना? पोट्सडॅमला राजाचा पॅलेस आहे, इट्स गॉर्जस." तुमच्यासाठी असेल गॉर्जस. मला तिथली एकही गोष्ट शिसारी आल्याशिवाय पाहता आली नाही, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण ईशाने तिकिटं काढली होती.

पहिल्यांदा त्यांनी कानाला लावायचं ते बोलकं यंत्र दिलं, ज्यावर शेकडो लोकांच्या कानांचं तेल होतं. मी ते टिश्यूत गुंडाळून धरलं. एका दालनात लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून बुटांवर लोकरीच्या भल्यामोठ्या सपाता चढवायच्या होत्या. जगभरातल्या पायांनी घातलेल्या त्या सपातांचा टोपल्यात ढीग पडलेला. मी एकेक पाय अंग चोरत आत घातला. तू त्या घालून घसरगुंडी केलीस. सत्तरी उलटलेली बाई, राजाच्या दिवाणखान्यात! पहारेकरी जर्मनमध्ये काहीतरी ओरडला आणि तू त्याला मराठीत म्हणालीस, "हो रे बाबा, फरशी पुसून देते आहे तुझी."

त्या उन्हाळी महालाच्या नावाचा अर्थ म्हणे 'चिंता नाही'. ते ऐकून तू म्हणालीस, "म्हणजे 'निश्चिंत'! आपल्या कॉलनीत या नावाचे तीन बंगले होते. तिन्हीत भाडेकरूंशी कोर्टकचेरी."

संगीताच्या दालनात वर पाहिलं तर छतावर सोन्याचं कोळिष्टक. खरंखुरं कोळ्याचं जाळं, सोन्याचा मुलामा देऊन काढलेलं. मी उभा जन्म लांब दांड्याच्या झाडूने कोळिष्टकं काढली आणि इथे ती पाहायला माणसं तिकीट काढून, माना वर करून उभी होती. प्रत्येक जण फोन वर धरून फोटो घेत होता. घामाचा वास, परफ्यूमचा वास, आणि सगळीकडे ते सोनं, फार साय खाल्ल्यावर घशाशी येतं तसं.

पुढच्या खोलीत ती खुर्ची होती. राजा म्हणे त्या खुर्चीतच गेला. म्हातारपणी तो तपकिरीचे डाग पडलेला एकच कोट घालून फिरायचा, माणसांपेक्षा कुत्र्यांत रमायचा, आणि ती कुत्री महालातली रेशमी आसनं फाडायची. हे सगळं ते यंत्र माझ्या कानात गोड आवाजात सांगत होतं आणि माझं तोंड वाकडं होत चाललं होतं. तुझ्याकडे पाहिलं तर तू खुर्चीसमोर उभी, चेहरा उजळलेला.

"वहिनी, हा माझा माणूस आहे गं."

"गलिच्छ होता."

"तेच म्हणते आहे मी."

बाहेर आलो. द्राक्षांच्या वेलींच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागेवर, अगदी वरच्या कडेला, राजाचं थडगं. मोठं काही नाही, जमिनीत बसवलेली एक साधी फरशी आणि तिच्या शेजारी तशाच फरश्या, त्याच्या कुत्र्यांच्या. आणि राजाच्या फरशीवर बटाटे. नुसते बटाटे! काही ताजे, काहींना कोंब फुटलेले, एक काळा पडून पाणी सुटलेला, त्यावर माशा.

"शी! उचलत नाही का कुणी हे?"

"अगं, लोक प्रेमाने ठेवतात. याने इथल्या लोकांना बटाटा लावायला लावला म्हणे."

"फुलं मिळत नाहीत का या देशात?"

"फुलं काय, कुणालाही मिळतात. बटाटा मिळायला तसं काहीतरी करावं लागतं."

असं म्हणून तू पिशवीत हात घातलास. ईशाच्या घरून सकाळी उकडून आणलेला बटाटा, कागदी रुमालात गुंडाळलेला. आणि औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत तिखटमीठ. बाटलीवर अजून माझ्याच ब्लडप्रेशरचं लेबल. तू बटाटा हाताने मोडलास, अर्धा त्या काळ्या बटाट्याशेजारी ठेवलास आणि उरलेल्या अर्ध्यावर तिखटमीठ भुरभुरून तिथेच उभ्या उभ्या खायला लागलीस.

"शालू! थडगं आहे ते!"

"मग काय झालं? अर्धा त्याला, अर्धा मला. पंगतीत एकटं जेवू नये."

एक जपानी बाई तुझा फोटो काढत होती. मी पाठ फिरवली आणि माहितीचा फलक वाचायला लागले, कारण अशा वेळी मला वाचायला काहीतरी लागतं. वाचता वाचता तुलाही सांगितलं. राजाने आधीच लिहून ठेवलं होतं की मला इथेच पुरा, कुत्र्यांशेजारी, थाटमाट न करता. पण त्याच्यामागून गादीवर आला त्याचा पुतण्या. त्याने काकाला दूर चर्चमध्ये नेऊन ठेवलं, ज्या बापाशी त्याचं जन्मात पटलं नाही त्या बापाच्या शेजारी. राजाचा शब्द पाळला जायला दोनशे वर्षं लागली.

तू चावायची थांबलीस. मग म्हणालीस, "त्याला पुतण्या, मला भाचा."

"मंदारने काय केलंय?"

"अजून काही नाही. करेल." तू हात साडीला पुसलेस, मी पाहिलं. "वहिनी, मी गेले ना, की ढब्बूची पेटी माझ्यात ओत."

"शी! काय बोलतेस!"

"किंवा मला त्याच्यात ओत. पण मी मावणार नाही." तू हसलीस, पण मग हसणं थांबवलंस. "खरंच सांगते. मंदारला मी सांगितलं की तो हसण्यावारी नेतो. तू सांग. तुझं ऐकतो तो."

"असलं काहीही मी कुणाला सांगणार नाही. आणि तुझ्यासाठी बटाटेबिटाटे घेऊन मी येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"नको आणूस. तू नुसती ये आणि हे आत्ता मुरडलंयस ना नाक, तसं मुरड. मला पोचेल."

परतीच्या गाडीत मी तुझ्याशी बोलले नाही. तू झोपून गेलीस, माझ्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून. बर्लिन येईपर्यंत माझा खांदा ओला झाला होता.

त्यानंतर तो वाद आपण किती वेळा घातला! पेटी गॅरेजमध्ये की फळीवर, इथून सुरू व्हायचा आणि पोट्सडॅमला पोचायचा. शेवटचा वाद तू गेलीस त्याच आठवड्यातला. तू म्हणालीस, "वहिनी, बटाटा आठवतोय ना?" मी म्हटलं, "विसरायचा प्रयत्न चाललाय." तू म्हणालीस, "चालू दे." चहा गाळत होते मी. संपला वाद. म्हणजे राहिला.

दहाव्या दिवसाचं ऐक. भटजी पुण्याहून, व्हिडिओवर. मंदार ऑफिसातून लवकर आला होता. दिवस मावळत होता, आणि संध्याकाळी कसं चालेल असं मी विचारलं तर भटजी म्हणाले, "चालेल हो आजी, इथे सकाळच आहे." बॉथेलमध्ये थंडीच्या दिवसांत संध्याकाळी कावळे कसे येतात ते मुलांना माहीत आहे, इथल्या कॉलेजच्या मागच्या पाणथळीवर रोज आख्ख्या प्रांतातले कावळे मुक्कामाला उतरतात आणि आभाळ काळं होतं. तू रोज बघायला जायचीस, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून. मंदारने पिंड तिथल्या गवताच्या कडेला ठेवला. ठेवला म्हणते, पण त्याचा हात पुरता मागे आलाही नव्हता. भात, पान, दर्भ, सगळ्यावर झुंबड. एकाने दुसऱ्याच्या चोचीतून ओढून घेतलं. द्रोणसुद्धा घेऊन गेले. मंदारच्या कोटावर जे पडलं ते मी लिहीत नाही.

"लगेच शिवला!" मेघनाचे डोळे भरून आले. "आत्यांची काहीच इच्छा राहिली नव्हती."

"उत्तम," भटजी फोनमधून म्हणाले.

सगळ्यांना हायसं वाटलं. कावळा शिवला नाही की माणसं आठवायला लागतात, काय राहिलं असेल, कशात जीव अडकला असेल. मग कुणीतरी पुढे होऊन शब्द देतं. तुझ्या बाबतीत कुणाला काही आठवायची वेळच आली नाही.

घरी आल्यावर मंदारने सांगितलं, अस्थी डिसेंबरमध्ये तो नाशिकला घेऊन जाणार, तिकीट बघतोय. मी हात धुतले, साबणाने, दोनदा. आणि मग जे मी कुणाला सांगणार नव्हते ते सांगितलं.

तो आधी हसला. "आई, शी वॉज जोकिंग. तुला माहितीये ना आत्या कशी होती."

"मला माहितीये. म्हणूनच सांगते."

"अगं पण कुत्र्याची राख... नाशिकला मी गुरुजींना काय सांगू? आणि तुलाच तर किळस येते त्याची. तूच ती पेटी गॅरेजमध्ये ठेवायला सांगायचीस."

"येतेच. आत्ताही येते."

"मग? आणि कावळा लगेच शिवला की. काही राहिलं असतं तर शिवला असता का?"

"मंदार, या गावात कावळा न शिवणं शक्य तरी आहे का? इथले कावळे पिझ्झाच्या खोक्यालाही शिवतात. त्या खोक्याची काय इच्छा पुरी झाली?"

मग मी त्याला राजाच्या पुतण्याची गोष्ट सांगितली. तुझ्यासारखी रंगवून नाही, फलकावर होती तशी. त्याने सगळी ऐकून घेतली आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत राहिला. तुझ्या दादाची सवय.

"थोड्या अस्थी नाशिकला नेतो," शेवटी म्हणाला. "बाबाही तिथेच आहेत. बाकीचं तू म्हणशील तसं. पण आई, मिसळणं वगैरे माझ्याच्याने होणार नाही. मला कसंतरी होतं."

पोरगा माझ्यावर गेला आहे. म्हणजे ते मला करायचं होतं.

काल सकाळी केलं. मागच्या अंगणात, सफरचंदाच्या झाडाखाली, जिथे ढब्बू माझ्या गुलाबांची मुळं उकरायचा. भुरभुर पाऊस होता, मंदार छत्री धरून उभा होता, तोंड पलीकडे करून. मी वर्तमानपत्र पसरलं. मेघनाने रबरी हातमोजे आणून दिले होते. ते घातले आणि काढले. हातमोजे घालून तू दादाचं काही केलं नव्हतंस.

तुझी पिशवी जाड प्लास्टिकची, आत नंबर ठोकलेला धातूचा बिल्ला. तुझी राख करडी आणि खरखरीत, त्याची जरा पांढरी. मला वाटलं होतं वेगळं काहीतरी वाटेल. किळस आली. खोटं कशाला सांगू? पोटापासून आली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नखांत गेलं काहीतरी. मी दोन्ही हातांनी ते एकत्र केलं, धिरड्याच्या पिठातल्या गुठळ्या मोडतात तसं, आणि खड्ड्यात सोडलं. तू त्याच्यात मावलीस, शालू. काही जागा उरलीच.

मग आत जाऊन हात धुतले. गॅसवर एक बटाटा उकडत ठेवला होता, तो सोलला, मोडला. तिखटमीठ लावलं, स्वच्छ वाटीतलं. अर्धा नेऊन त्या ओल्या मातीवर ठेवला.

उरलेल्या अर्ध्याकडे बघत मंदारने विचारलं, "आई, हा तू खाणार?"

"इथे उभं राहून? शी!"

पावसाने तिखट विरघळून मातीवर लाल ओघळ उतरला. बटाटा मऊ पडून फुटायला लागला, त्याला गवत चिकटलं, एक मुंगळा चढला. मंदार म्हणाला, चल आई, आत जाऊ, भिजशील. पण ज्यासाठी आले होते ते अजून करायचं होतं. मी वाकून नीट पाहिलं आणि नाक मुरडलं.